बंद पाकिटातला पुरावा : खटल्याविना स्थानबद्धतेवरील एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या माणसाला खटला न चालवता डांबून ठेवावे का, ठेवायचे तर किती काळ, आणि तो काळ संपला हे ठरवायचे कोणी, एवढ्याच प्रश्नांना वाहिलेला सहा प्रकरणांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. विद्यार्थ्यांकडून वादविवाद स्पर्धांची तयारी करून घेताना हा विषय वरचेवर समोर येतो आणि दर वेळी चर्चा ‘राष्ट्राची सुरक्षा मोठी की व्यक्तीचे स्वातंत्र्य’ या तराजूपाशी येऊन अडते. त्यापलीकडे जायची काही वाट सापडते का, हे पाहण्यासाठी मी नाव नोंदवले होते. अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण उणिवांबद्दल कोणाला बोल लावण्यापेक्षा हा विषय शिकवताना काय साधते आणि काय हातून निसटते, हे नोंदवणे मला अधिक गरजेचे वाटते.

वेळेविषयी आधीच सांगते. माहितीपत्रकात सहा आठवडे म्हटले आहे, पण निकालपत्रांचे उतारे नुसते चाळून सोडायचे नसतील, तर नऊ आठवडे धरावेत. व्याख्याने अकरा तासांची आहेत आणि वाचन त्याच्या तिप्पट आहे. व्याख्याने ऐकली आणि वाचन टाळले, तर अभ्यासक्रमाचा अर्धाही लाभ होणार नाही, कारण व्याख्यात्यांनी मतप्रदर्शन जाणीवपूर्वक कमी ठेवले आहे आणि वादाची खरी धार मूळ कागदांत आहे.

पहिल्या प्रकरणाची निवड मला मनापासून आवडली. असा अभ्यासक्रम ११ सप्टेंबर २००१ पासून सुरू होईल, अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात तो ९ ऑगस्ट १९७१ च्या पहाटे, उत्तर आयर्लंडमध्ये सुरू होतो. त्या दिवशी लष्कराने घराघरांतून ३४२ जणांना उचलले. गुप्तचरांनी दिलेल्या याद्या जुन्या होत्या, अनेक नावे चुकीची होती, आणि पकडलेल्यांपैकी शंभरावर लोकांना दोन दिवसांच्या आत सोडून द्यावे लागले. आयर्लंडशी एकीकरण मागणारे आणि ब्रिटनशीच राहू पाहणारे अशा दोन्ही बाजूंनी हिंसाचार चालला असताना त्या पहाटे पकडलेल्यांत एकही ब्रिटननिष्ठ सशस्त्र गटाचा माणूस नव्हता. डिसेंबर १९७५ पर्यंत एकूण १,९८१ माणसे अशी खटल्याविना डांबली गेली आणि त्यांतले ब्रिटननिष्ठ केवळ १०७ होते. हिंसाचार आटोक्यात यावा म्हणून हे पाऊल उचलले होते. प्रत्यक्षात पुढच्या महिन्यांत बळींची संख्या आधीच्या कितीतरी पट झाली आणि १९७२ हे त्या संघर्षातले सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरले. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात ज्या मोर्चावर सैनिकांनी गोळ्या झाडून तेरा जणांचा त्या दिवशी जीव घेतला, तो मोर्चा या स्थानबद्धतेच्याच विरोधात निघाला होता. हिंसाचार वाढण्यामागे इतरही कारणे होती, हे व्याख्याते सांगतात आणि ते योग्यच आहे. पण ‘डांबले की शांतता येते’ हे गृहीतक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढे हे प्रकरण पक्के करून देते.

याच प्रकरणाच्या शेवटी एक छोटा कागद वाचायला दिला आहे आणि तो मी तीनदा वाचला. १९७३ मध्ये स्थानबद्ध केलेले आयरिश एकीकरणवादी नेते गेरी अ‍ॅडम्स यांना कैदेतून पळण्याच्या प्रयत्नाबद्दल १९७५ मध्ये शिक्षा झाली होती. मे २०२० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण असे की, स्थानबद्धतेच्या आदेशाचा विचार संबंधित खात्याच्या मुख्य मंत्र्याने स्वतः करायला हवा होता आणि तसा तो झालाच नव्हता. आदेशावर सही होती ती त्याच्या हाताखालच्या मंत्र्याची. मूळ कैदच बेकायदा, म्हणून तिच्यातून पळण्याचा प्रयत्न हा गुन्हा ठरत नाही. अ‍ॅडम्स यांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, एका सहीचा दोष उघड व्हायला पंचेचाळीस वर्षे का लागली, हा प्रश्न उरतोच. खटला चालला असता, तर पहिल्याच तारखेला एखाद्या वकिलाने तो कागद मागितला असता.

दुसरे प्रकरण अमेरिकेचे आणि क्यूबातल्या तिच्या ग्वांटानामो तळावरच्या तुरुंगाचे आहे. ११ जानेवारी २००२ रोजी तेथे पहिले वीस कैदी आणले गेले, पुढे एकूण सुमारे ७८० जण तेथे राहिले आणि जानेवारी २०२५ मध्ये अकरा येमेनी कैद्यांना ओमानला पाठवल्यावर पंधरा उरले. हे आकडे बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असतात. त्यामुळे मला महत्त्वाचे वाटले ते या प्रकरणाने सरकारी बाजू ज्या ताकदीने मांडली आहे ते. स्थानबद्धतेच्या समर्थकांना केवळ भयगंडाने पछाडलेले लोक समजून झटकून टाकण्याची सवय विद्यार्थ्यांनाच नव्हे, शिक्षकांनाही असते, आणि ती येथे टिकत नाही. युद्धात पकडलेल्या शत्रुसैनिकावर खटला चालवत नाहीत. त्याला लढाई संपेपर्यंत रणांगणापासून दूर ठेवतात, आणि ही शिक्षा मानली जात नाही. मग ज्या संघटनेने युद्धच पुकारले आहे तिच्या माणसाला सैनिकापेक्षा अधिक सवलत का द्यावी, असा सरळ प्रश्न सरकारी वकील विचारतात. त्याला जोडून दुसरा मुद्दा येतो. मरायला तयार असलेल्या माणसाला शिक्षेचा धाक नसतो, म्हणून गुन्हा घडल्यावर धावणारा कायदा येथे अपुरा पडतो. तिसरा मुद्दा असा की, माहिती देणारा खबरी न्यायालयात उभा केला, तर तो मारला जातो आणि पुढची माहिती कायमची थांबते. हे तिन्ही मुद्दे खोटे नाहीत. त्यांना उत्तर द्यायचे असेल, तर त्यांच्याच पायरीवर उभे राहून द्यावे लागते.

ते उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २००४ रोजी, हमदी खटल्यात काही अंशी दिले. अफगाणिस्तानात पकडलेल्या या अमेरिकी नागरिकाला नौदलाच्या तुरुंगात ठेवले होते. युद्धकाळात त्याला ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे, पण ‘तू शत्रूचा सैनिक आहेस’ या आरोपाला निःपक्ष अधिकाऱ्यासमोर उत्तर देण्याची संधी त्याला मिळालीच पाहिजे, असे बहुमत पडले. युद्ध सुरू आहे म्हणून राष्ट्राध्यक्षांना कोरा धनादेश मिळत नाही, हे न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचे म्हणणे याच निकालपत्रातले आहे. युद्धाची उपमा मान्य केली, तरी ‘हा सैनिक आहे’ हे कोणी ठरवले, हा प्रश्न शिल्लक राहतो, कारण गणवेशातला सैनिक आपली ओळख अंगावर घेऊन फिरतो आणि संशयिताची ओळख मात्र दुसऱ्या कोणीतरी सांगितलेली असते. निकालानंतर चार महिन्यांच्या आत, ऑक्टोबर २००४ मध्ये, त्याच हमदीला कोणताही आरोप न ठेवता सौदी अरेबियाला पाठवून देण्यात आले. त्याआधी, डिसेंबर २००३ पर्यंत, त्याला वकील भेटू देणेसुद्धा धोक्याचे आहे, असे सरकार सांगत आले होते.

बुमेदीन खटल्याचे वाचन याहून जड आहे, पण ते टाळू नये. बोस्नियात ऑक्टोबर २००१ मध्ये पकडलेल्या सहा जणांना तेथल्या न्यायालयाने पुराव्याअभावी सोडण्याचा आदेश दिला असतानाही त्यांना अमेरिकेच्या ताब्यात देण्यात आले. ग्वांटानामोतल्या कैद्यांनाही बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का हे न्यायाधीशाने तपासावे असा, अर्ज करण्याचा हक्क आहे, हा निर्णय १२ जून २००८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी झाला. त्यानंतर खालच्या न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचे कागद प्रथमच उघडून पाहिले, तेव्हा सहापैकी पाच जणांविरुद्धचा सरकारचा दावा एका निनावी खबऱ्याच्या एका गोपनीय कागदावर उभा असल्याचे निघाले आणि न्यायाधीशांनी त्यांना सोडण्याचा आदेश दिला. जे काम सात वर्षे झाले नव्हते, ते न्यायाधीशाने कागद हातात घेतल्यावर काही महिन्यांत झाले.

आता तिसऱ्या प्रकरणाकडे येते. या अभ्यासक्रमासाठी नाव नोंदवावे ते याच प्रकरणासाठी, असे माझे स्पष्ट मत आहे. विषय आहे ब्रिटनमधल्या गोपनीय पुराव्याचा. जो परदेशी संशयित धोकादायक वाटतो, पण मायदेशी पाठवल्यास त्याचा छळ होईल म्हणून पाठवता येत नाही, आणि ज्याच्याविरुद्धची माहिती उघड करता येत नाही म्हणून खटलाही चालवता येत नाही, त्याला अनिश्चित काळ कैदेत ठेवण्याची तरतूद २००१ च्या कायद्यात झाली. त्याला घेणारा एखादा देश मिळाला, तर तो जायला मोकळा होता, म्हणून सरकार या कैदेला तीन भिंतींचा तुरुंग म्हणत असे. असे कैदी प्रामुख्याने बेलमार्श तुरुंगात होते. १६ डिसेंबर २००४ रोजी, त्या काळी ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या लॉर्ड्स सभागृहाच्या नऊ न्यायाधीशांपैकी आठ जणांनी ही तरतूद मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. तेवढाच धोकादायक ब्रिटिश नागरिक मोकळा राहतो आणि परदेशी माणूस आत जातो, तेव्हा हा कायदा धोक्याकडे पाहत नसून पारपत्राकडे पाहतो, हा त्या निकालातला मुख्य धागा होता. सात महिन्यांनी, ७ जुलै २००५ रोजी, लंडनमध्ये चार हल्लेखोरांनी ५२ जणांचे प्राण घेतले. त्या चौघांतले तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते.

अशा प्रकरणांत गोपनीय पुरावा पाहण्यासाठी ‘विशेष वकील’ नेमला जातो. तो संशयिताच्या हितासाठी बाजू मांडतो, पण एकदा त्याने बंद पाकीट उघडले की परवानगीशिवाय त्याला संशयिताशी त्या प्रकरणाविषयी एक शब्दही बोलता येत नाही. ही गोष्ट मी पूर्वी अनेकदा वाचली होती. ती समजली मात्र या प्रकरणातल्या सरावाने.

पडद्यावर डावीकडे ‘क’ या काल्पनिक संशयिताविषयीची चार पाने येतात. त्यांतल्या बहुतेक ओळींवर काळी पट्टी आहे. वाचता येते ते एवढेच, की ‘क’ने परदेशात ‘ख’ या धोकादायक व्यक्तीशी संपर्क साधला, असे मानण्यास सबळ कारण आहे. उजवीकडे एक खिडकी आहे आणि तिच्यात तुम्ही ‘क’ला हवे ते विचारू शकता. खाली लाल कडेचे पाकीट आहे. मी ‘क’ला दोन प्रश्न विचारले, एक कुटुंबाविषयी आणि एक नोकरीविषयी, आणि लगेच पाकीट उघडले. उजवीकडची खिडकी बंद झाली. पाकिटात लिहिले होते की ‘क’ आणि ‘ख’ यांची भेट एका विशिष्ट दिवशी एका रुग्णालयाच्या आवारात झाली, आणि ही माहिती एकाच खबऱ्याकडून आली असून त्याची विश्वासार्हता अद्याप ठरलेली नाही. त्या दिवशी तू रुग्णालयात कशाला गेला होतास, एवढा एक प्रश्न मला विचारायचा होता. त्याचे उत्तर ‘भाऊ तेथे दाखल होता’ असे असते, तर सरकारचा सारा दावा कोसळला असता. ‘मी तेथे कधी गेलोच नाही’ असे असते, तर खबऱ्याची उलटतपासणी करता आली असती. बंद खिडकीवर टिचक्या मारत मी काही वेळ बसून राहिले. मग पुढच्या पानावर युक्तिवाद लिहायला सांगितला होता, आणि ज्याच्यासाठी तो लिहायचा त्याला आपण काय लिहीत आहोत हे सांगण्याची मुभा नव्हती.

या सरावानंतर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा फेब्रुवारी २००९ चा निकाल वाचायला दिला आहे, हा क्रम अचूक आहे. आपल्या विशेष वकिलाला उपयोगी पडेल अशी सूचना देता यावी एवढी माहिती तरी संशयिताला मिळालीच पाहिजे, असे ते न्यायालय म्हणाले, आणि जून २००९ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने नियंत्रण आदेशांच्या, म्हणजे संशयिताला तुरुंगाबाहेर ठेवून त्याच्या हालचालींवर बंधने घालणाऱ्या आदेशांच्या, बाबतीत तेच तत्त्व लागू केले. सराव करण्यापूर्वी हा निकाल वाचला असता, तर मला तो केवळ कायद्यातला बारकावा वाटला असता.

चौथे प्रकरण आरोप ठेवण्यापूर्वीच्या कोठडीचे आहे आणि ते मी भराभर पार केले, कारण ते एका आलेखात मावते. ब्रिटनमध्ये ही मर्यादा २००० च्या कायद्यात सात दिवसांची होती, ती पुढे चौदा झाली आणि २००६ मध्ये अठ्ठावीस झाली. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये सरकारने नव्वद दिवस मागितले होते आणि ३२२ विरुद्ध २९१ मतांनी हार पत्करली होती. २००८ मध्ये बेचाळीस दिवसांचा प्रस्ताव कनिष्ठ सभागृहात अवघ्या नऊ मतांनी निभावला आणि वरिष्ठ सभागृहात आपटला. जानेवारी २०११ पासून मर्यादा पुन्हा चौदावर आली. नव्वद का आणि बेचाळीस का, या प्रश्नांची सरकारी उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचली, की संगणकातली माहिती उलगडायला वेळ लागतो, परदेशातून कागद यायला उशीर होतो, ही कारणे दोन्हीकडे सारखीच दिसतात आणि आकडा मात्र बदललेला असतो.

पाचव्या प्रकरणात गाडी घसरते. इतर देशांची व्यवस्था येथे चाळीस मिनिटांत उरकली आहे. इस्रायलमधली सहा-सहा महिन्यांनी वाढवता येणारी प्रशासकीय स्थानबद्धता, श्रीलंकेचा १९७९ चा कायदा आणि भारताची राज्यघटना यांना प्रत्येकी काही मिनिटे मिळाली आहेत. स्थानबद्धता शांततेच्या काळातही चालेल असे ज्या घटनेतच लिहिले आहे, तिला एवढ्यावर आटोपणे मला पटले नाही. अनुच्छेद २२ प्रमाणे स्थानबद्धाला कारणे कळवावी लागतात, पण सार्वजनिक हिताविरुद्ध वाटणारी तथ्ये राखून ठेवता येतात. तीन महिन्यांपुढे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत लागते, पण त्या मंडळासमोर वकील देण्याचा हक्क स्थानबद्धाला नाही. तिसऱ्या प्रकरणातला काळ्या पट्टीचा प्रश्न येथे घटनेच्याच मजकुरात बसलेला आहे आणि दोन्ही प्रकरणांची सांगड घालायची सोन्यासारखी संधी अभ्यासक्रमाने दवडली. आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येत नाही असे बहुमताने ठरवणाऱ्या १९७६ च्या जबलपूर खटल्याचा उल्लेख आहे; न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी चार सहकाऱ्यांच्या विरोधात जाऊन लिहिलेले निकालपत्र मात्र वाचनात नाही. आणीबाणीतही माणसाचे जगणे व त्याचे स्वातंत्र्य कायद्याच्या आधाराशिवाय हिरावता येत नाही, असे त्यांनी लिहिले, त्यानंतर त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमले गेले, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्या वेळचे बहुमत चुकीचे ठरवले. या विषयावर जगात कोठेही शिकवायचे असेल, तरी ते निकालपत्र वाचनात असायलाच हवे.

याच प्रकरणात परिभाषेचा घोळही सर्वाधिक जाणवतो. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे आणि ‘डिटेन्शन’ हा एकच शब्द सगळीकडे फिरतो. मराठीत आपण अटक वेगळी म्हणतो, कोठडी वेगळी, स्थानबद्धता वेगळी, आणि ज्याचा खटला उभा आहे पण संपत नाही त्याला कच्चा कैदी म्हणतो. हे शब्द हाताशी घेऊन मी टिपणे काढायला बसले, तेव्हा व्याख्यात्यांनी दोनदा तरी कच्च्या कैद्याची आणि स्थानबद्धाची गल्लत केल्याचे दिसले. ही चूक किरकोळ नाही. भारतातल्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर जामीन मिळणे अतिशय अवघड झाले आहे. तेथे खटला नाकारलेला नसतो, तो लांबलेला असतो. २०२१ मध्ये नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या आरोपीचा जामीन कायम ठेवला, तो खटला लवकर संपण्याची शक्यता नाही या कारणानेच. खटल्याविना कैद आणि खटल्याच्या नावाने कैद हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

सहाव्या प्रकरणाने मात्र मला या वादाविषयीचे माझे स्वतःचे मत नव्याने मांडायला लावले. येथे घैलानी खटल्याची कागदपत्रे आहेत. १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-एस-सलाम येथील अमेरिकी वकिलातींवर झालेल्या स्फोटांत २२४ माणसे मेली. त्या कटातल्या या आरोपीला आधी गुप्त कोठडीत, मग ग्वांटानामोत ठेवून अखेर न्यूयॉर्कच्या साध्या फौजदारी न्यायालयात उभे केले गेले. सरकारचा एक महत्त्वाचा साक्षीदार न्यायाधीशांनी उभाच राहू दिला नाही, कारण त्याचे नाव आरोपीवर गुप्त कोठडीत झालेल्या जबरदस्तीच्या चौकशीतून हाती लागले होते. २०१० मध्ये दोनशे ऐंशीहून अधिक आरोपांतून तो सुटला, एका आरोपात दोषी ठरला आणि त्या एका आरोपावर पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. एका बाजूचे लोक म्हणतात, पाहा, साधे न्यायालय अशा माणसांसाठी नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, पाहा, साध्या न्यायालयानेच त्याला जन्मठेप दिली. मला या कागदांत तिसरीच गोष्ट दिसली. खटला चालवता येत नाही म्हणून माणसाला डांबायचे, आणि डांबलेल्या काळात जे घडते त्याने पुरावा असा नासवायचा की पुढे खटला खरोखरच चालवता येऊ नये, हे चक्र एकदा फिरू लागले की ‘खटला शक्य नाही’ हे विधान आपोआप खरे होत जाते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या मुख्य आरोपींना २०१२ मध्ये लष्करी आयोगापुढे उभे करून आरोप वाचून दाखवले गेले. त्यानंतरची वर्षे कोठडीतल्या छळाने मिळालेल्या जबाबांचे काय करायचे, या वादात गेली आहेत.

येथेच मला या अभ्यासक्रमातली सर्वांत मोठी पोकळी दिसली. अकरा तासांच्या व्याख्यानांत हल्ल्यांत माणसे गमावलेल्या एकाही कुटुंबाचा आवाज नाही. जणू खटला ही केवळ संशयिताला मिळणारी सवलत आहे आणि पीडितांची बाजू म्हणजे अर्थातच कठोर कैदेची बाजू, असे न बोलता गृहीत धरले आहे. आपले माणूस कोणी, कसे आणि कोणाच्या सांगण्यावरून मारले, हे उघड न्यायालयात शपथेवर सांगितले जाणे हा त्या कुटुंबांचाही हक्क आहे, आणि स्थानबद्धतेच्या आदेशाने तो कधीच पुरा होत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत जिवंत पकडलेल्या कसाबचा खटला येथे हवा होता. त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला, सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, मे २०१० मध्ये निकाल लागला, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. मे २०१० च्याच निकालात दोन सहआरोपींना पुरेसा पुरावा नाही म्हणून सोडण्यात आले. १६६ माणसांच्या मृत्यूनंतर, एवढ्या क्षोभात, पुराव्याअभावी दोघांना सोडू शकणारे न्यायालय कसाबला दोषी ठरवते, तेव्हा त्या निकालाला वजन येते. अर्थात कसाबविरुद्ध छायाचित्रे होती आणि प्रत्यक्षदर्शी होते, तर या वादातली कठीण प्रकरणे तीच असतात जिथे तसे काहीच नसते, हे मला मान्य आहे. तरीही दहशतवादाचा खटला साध्या न्यायालयात चालूच शकत नाही, असे सरसकट म्हणणाऱ्यांपुढे हे उदाहरण ठेवायला हवे होते.

सुटकेनंतर काय होते, याविषयीही फारसे काही नाही. ग्वांटानामोतून सुटलेल्यांपैकी किती जण पुन्हा हिंसेकडे वळले याचे सरकारी अहवाल ‘खात्री झालेले’ आणि ‘संशय असलेले’ असे दोन आकडे वेगळे देतात. ते कसे वाचावेत हे शिकवायला एक तास पुरला असता, कारण वादविवादात हेच दोन आकडे एकत्र करून फेकले जातात. मोरोक्कोच्या एका कैद्याला सोडायला हरकत नाही असे आढावा मंडळाने २०१६ मध्ये ठरवूनही तो २०२१ पर्यंत आतच होता, एवढी एक नोंद मात्र त्यांनी दिली आहे. ती वाचताना, ज्याच्याविषयी सर्वांचे एकमत झाले त्यालाही बाहेर काढणारे दार कोणाच्या हातात आहे, असा प्रश्न पडतो.

सेवेविषयी थोडक्यात. कागदपत्रे शोधता येतील अशा रूपात आहेत, दुवे चालतात, उपशीर्षके मात्र कायद्याच्या शब्दांवर वारंवार अडखळतात. निबंध माणसे तपासतात, यंत्र नव्हे, आणि त्याला आठ-दहा दिवस लागतात. माझ्या निबंधात एका वाक्यात मी ‘या दहशतवाद्यांना वकील द्यावा का’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या व्यक्तीने ‘दहशतवाद्यांना’ या शब्दाभोवती गोल काढून समासात लिहिले होते : हे कोणी ठरवले? बाकी निबंधावर अडीच पानांचा अभिप्राय होता आणि तो उपयुक्तही होता, पण मी माझ्या विद्यार्थ्यांना आता तो समासच दाखवते.

ज्यांना कायद्याची काहीच पार्श्वभूमी नाही, त्यांनी पहिले, तिसरे आणि सहावे प्रकरण करावे, चौथ्यातला आलेख पाहावा आणि पाचवे सोडून दिले तरी चालेल. शिक्षकांनी मात्र पाचवे करावे आणि त्याची उणीव स्वतःच्या वाचनाने भरून काढावी. नोंदणी केल्यापासून वर्षभर सारे साहित्य उघडे राहते, हे मला नंतर कळले. म्हणून गेल्या आठवड्यात मी तिसऱ्या प्रकरणातला तो सराव पुन्हा केला. दर वेळी पाकिटातला मजकूर बदलतो. या खेपेस पाकीट उघडण्यापूर्वी मी ‘क’ला अकरा प्रश्न विचारले : कोठे कोठे राहिलास, कोण आजारी होते, कोणाचा फोन वापरलास, कोणाशी पैशांवरून वाद होता. त्यांतले तीन उपयोगी पडले. पाकिटात एका लग्नसमारंभाचे छायाचित्र होते, आणि लग्नांविषयी मी काहीच विचारले नव्हते.